हे कचेरीचं, हे माझं

गळ्यातली निळी पट्टी डोक्यावरून काढायची, ओळखपत्रासकट पर्समध्ये कोंबायची, पर्सची चेन ओढायची आणि मगच तोंड उघडायचं. आक्कांनी असं केलं की समोरच्यानं सावरून बसावं. पट्टी गळ्यात असेपर्यंत त्या जे बोलत ते कंपनीचं असे. पट्टी निघाली की स्वतःचं. या दोन बोलण्यांची भेसळ त्यांनी कधी होऊ दिली नाही. "हे कचेरीचं," म्हणून एक सांगत, आणि पट्टी काढून "आता हे माझं," म्हणून दुसरं.

पट्टीवाली माणसं तुम्हीही पुष्कळ बघितली असतील. त्यांची पट्टी जेवतानाही गळ्यातच असते, आणि काहींची तर झोपतानाही निघत नसावी. पट्टी काढता येते हे माहीत असलेलं माणूस मी एवढं एकच बघितलं.

रामनगरात रस्त्याला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, उद्घाटन, श्रद्धांजली, काय हवं ते छापून देतो. माझ्या यंत्रातून बाहेर पडलेली तोंडं बसस्टँडपासून नाक्यापर्यंत हसत उभी असतात, आणि त्यातली निम्मी एरवी कुणाकडं बघून हसत नाहीत. परवा चहाच्या टपरीवर असंच एक तोंड म्हणालं, "ती बाई व्हय? खाल्ल्या मिठाला जागली न्हाई वो ती." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मी चहा तसाच ठेवून उठलो. मी लेखक नाही. पण राग आलाय, आणि राग फ्लेक्सवर छापून घ्यायला कुणी येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आक्का एका पर्यटन कंपनीत जनसंपर्क अधिकारी होत्या. गुंद गावाच्या पलीकडं एक वाडी आहे. नाव सांगत नाही, सांगितलं तर उद्या तिथं सेल्फी काढायला जाल. त्या वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर कंपनीला काचेचा पूल, तंबू, तारेवरून घसरायचे खेळ असं सगळं उभं करायचं होतं. कुळगीला जंगल बघायला येणारी गर्दी आपल्याकडं वळवायची हा हिशेब. त्यासाठी रामनगरात त्यांनी कचेरी थाटली, तिला काचेचं दार लावलं, आणि लोकांशी बोलायला बेळगावहून आक्कांना आणलं. साहेब पुण्याकडचे. मराठी शुद्ध, बोलणं गोड. 'संवाद' आणि 'सामावून घेणं' हे दोन शब्द दर चार वाक्यांनी यायचे.

आक्कांचं सगळं आयुष्य सांगण्यात गेलेलं. आधी आरोग्याच्या मोहिमा, मग साखर कारखान्याचं प्रसिद्धीचं काम, मग ही कंपनी. आवाज असा की माइक नसला तरी चालावं. वय पन्नाशीकडं झुकलेलं. एकट्याच राहत, माझ्या दुकानामागच्या गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा होता की नव्हता, असला तर सोडला की त्यानं सोडलं, याचा तपास रामनगरनं पुष्कळ केला. कुणी धीर करून विचारलंच तर त्या पट्टी चाचपायच्या. "हे कचेरीच्या कामाचं विचारताय की माझं?" समोरचा गडबडून म्हणायचा, "तसं न्हाई, सहज आपलं." "सहज असलं तर जाऊ दे की," म्हणून त्या चालायला लागायच्या.

त्यांची दुसरी सवय याहून तापदायक होती. काहीही सांगून झालं की त्या विचारायच्या, "मी काय सांगितलं? परत सांगा बघू." मला, गॅसवाल्याला, बँकेतल्या माणसाला, कंडक्टरलाही. माझी बायको एकदा भडकलीच. आक्कांनी तिला लोणच्याची कृती सांगितली आणि वर परत सांगायला लावली. घरी येऊन ही म्हणते, "मी काय दुसरीत हाय काय? कैरीचं लोणचं मी जन्मापासून घालतोय!"

पण या सवयीला कारण होतं. आरोग्य मोहिमेत असताना खानापूरकडच्या एका गावात आक्कांनी महिनाभर घसा फोडून सांगितलं होतं, पाणी उकळून प्या. गावानं मान हलवली. भिंतीवर रंगवलं, पोरांनी घोषणा दिल्या. तरी जुलाब थांबेनात. मग आक्का एका घरी चुलीजवळ जाऊन बसल्या आणि काय करता ते करून दाखवा म्हणाल्या. बाईनं पाणी खळखळ उकळलं, उतरवलं, आणि माठातलं गार पाणी त्यात ओतलं. "एवढं कडकडीत कसं पिणार वो आक्का?"

"त्या दिवसापासून मी माणसांच्या माना बघायचं सोडलं," आक्का म्हणायच्या. "सांगितलेलं परत आलं तरच ते पोचलं. नाहीतर ते आपल्याच तोंडात पडून आहे."

कंपनीला त्यांच्या या तत्त्वाशी काही घेणंदेणं नव्हतं. कंपनीला फोटो पाहिजे होते. वाडीच्या शाळेत दप्तरं वाटली तेव्हा मी बॅनर बांधायला गेलो होतो. पोरं नवी दप्तरं छातीशी धरून गंभीर उभी होती, म्हणजे नवी वस्तू मिळाल्यावर पोरं असतात तशी. साहेब कॅमेऱ्यामागून म्हणाले, "मॅडम, जरा हसायला सांगा ना त्यांना." आक्का पुढं झाल्या. "पोरांनो, हे कचेरीचं आहे. साहेब म्हणतात, हसा." मग पट्टी काढली. "आता हे माझं. हसू आलं तर हसा." ते बघून पोरं खरंच फिसकन हसली आणि फोटो झकास आला. साहेबही हसले. तेव्हा साहेबांना आक्का गमतीच्या वाटायच्या.

कंपनीचं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं. वाडीची सभा होऊन, तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर वाडीनं 'हो' म्हणणं जरूर होतं. साहेबांनी पुरुषमंडळींची तयारी आधीच करून घेतली होती. कुणाला वॉचमनचं काम, कुणाला जीपवर ड्रायव्हर, वाडीचा प्रमुख, ज्याला तिथं बुधवंत म्हणतात, त्याच्या मुलाला तर मॅनेजरच्या हाताखाली जागा. सभेला घरटी एक पुरुष येणार, हात वर करणार, चहा-बिस्किटं खाणार, संपलं. सभेचा दिवससुद्धा भातलावणीतला धरला, म्हणजे बाया चिखलात असतील.

फक्त सभेचं आमंत्रण कागदोपत्री छान दिसायला हवं होतं. त्यासाठी साहेबांनी मजकूर पाठवला, 'चला, मिळून ठरवू या! आपण सर्वांनी सहकुटुंब यावे.' आक्का तो घेऊन माझ्या दुकानात आल्या. मी अक्षरं लावत होतो. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि तिथूनच साहेबांना फोन लावला, मलाही ऐकू येईल असा स्पीकर लावून.

"सर, यात सहकुटुंब लिहिलंय. म्हणजे सगळ्यांना बोलवायचं ना? बाया, म्हाताऱ्या, सगळी?"

"अहो मॅडम, अर्थातच! सगळ्यांना सामावून घेणं हीच तर आपली ओळख आहे."

"परत सांगा, सर."

साहेब हसले. "सगळ्यांना बोलवा. सगळ्यांना! झालं समाधान?"

"झालं. मग वाडीवर तसंच आमंत्रण देते."

"द्या, द्या," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी आक्कांच्या हाताकडं बघत होतो, आता पट्टी निघणार म्हणून. ती निघाली नाही.

"आक्का, आणि तुमचं?" मी विचारलं.

"आज माझं वेगळं काही नाही अण्णा," त्या म्हणाल्या. "आज कचेरीचंच चांगलं आहे."

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. इकडं आमंत्रण नुसतं 'या' म्हणून होत नाही. घरटी एक म्हणजे घरातलं एक माणूस, बहुतेक करून कर्ता पुरुष. आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही. म्हातारी, पोरं, माहेरपणाला आलेली लेक, अचानक टपकलेला पाहुणा, सगळे यजमानाच्या पंगतीला. चूलबंद सांगून जेवायला न घालणाऱ्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही, कारण तसं केलेलं मी ऐकलेलं नाही.

आक्का पट्टी गळ्यात घालून वाडीच्या दारोदार फिरल्या. प्रत्येक दारात त्यांनी घरच्या बाईला बाहेर बोलावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि सांगितलं, "हे कचेरीचं. साहेबांनी सभेला सगळ्यांना बोलावलंय. चूलबंद. मी काय सांगितलं?" आणि दारोदारच्या बायांनी ते परत सांगितलं.

सभेच्या दिवशी पावसानं उघडीप दिली होती, मी सकाळीच शाळेच्या पटांगणात बॅनर बांधला. साहेब आले, तालुक्याचे अधिकारी आले. मग वाडी यायला लागली. आधी पुरुष आले, तोवर साहेब हात जोडून उभे होते. मग बाया आल्या. लावणी टाकून, धुतलेली लुगडी नेसून, केसात फुलं माळून, लग्नाला यावं तशा. कडेवर पोरं. एका म्हातारीला दोन नातवांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं. मांडव भरला, शाळेची ओसरी भरली, तरी माणसं येतच होती. साहेबांचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

चहाच्या थर्मासनं पहिल्या दोन ओळींतच मान टाकली. साहेबांनी घाईघाईनं भाषण उरकलं, विकास, रोजगार, संवाद. "तर मग सगळ्यांची संमती आहे असं समजू या?" त्यांनी विचारलं. माणसं तशीच बसून राहिली, रांगा धरून, मांडी घालून. थोड्या वेळानं बुधवंत उठला. उघड्या अंगावर टॉवेल, हातात काठी.

"साहेब, पंगत कवा हाय?"

"कसली पंगत?"

आक्कांनी समजावून सांगितलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो पोटभर बघितला. "मग त्यांना सांगा ना घरी जायला!" ते म्हणाले.

"तसं न्हाई चालत," बुधवंत म्हणाला. त्याच्या आवाजात रागही नव्हता. "चुली इझवून आलाव आमी. तुमी बलावलं, आमी आलो. आता जेवल्याबिगर उठलो तर तुमचाच अपमान व्हतोय."

तालुक्याच्या अधिकाऱ्यासमोर वाडीचा अपमान करणं परवडणारं नव्हतं. कंपनीची जीप रामनगरला धावली, तांदूळ, डाळ, भाजी आणायला. शाळेमागं बायांनीच दगडांच्या चुली मांडल्या. जीप येऊन, भात शिजून, आमटीला उकळी फुटेपर्यंत दुपार कलली. आणि तेवढा वेळ सगळी वाडी एका जागी बसून होती. अशी ती कधी बसलीच नव्हती. पुरुष सभेला जातात, बाया पाण्याला जातात, आणि सभेत पाण्याचं काय ठरलं ते बायांना पुढच्या उन्हाळ्यात कळतं.

भाजी चिरता चिरता एकीनं विचारलं, "व्हय वो साहेब, त्या पुलावर माणसं पुष्कळ येणार न्हवं? ती पाणी कुठलं पिणार?"

साहेब म्हणाले, वरच्या झऱ्याचं, शुद्ध करून.

"मग आमी?"

"तुम्हाला टँकर देणार ना कंपनी. रोज."

"टँकर कुठं भरणार?"

साहेबांनी शेजारी बसलेल्या कंपनीच्या इंजिनिअरकडं बघितलं. इंजिनिअरनं जमिनीकडं. "सध्या तरी," इंजिनिअर म्हणाला, "झऱ्यावरच."

भाजी चिरायची थांबली. आमचंच पाणी काढून आम्हालाच टँकरनं देणार, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. मग बाया बोलायला लागल्या. तो झरा वाडीच्या भाताला येतो. त्या उतारावर त्या गडे खणतात. गडे म्हणजे आमच्याकडची जंगलातली कंदमुळं, पावसाळ्यात पोटाला तोच आधार. कुंपण कुठून जाणार, वाट कुठली राहणार, गुरं कुठं जाणार. हे सगळं त्यांना पाठ होतं आणि हे त्यांना आजवर कुणीही विचारलं नव्हतं. वॉचमनची नोकरी कबूल केलेले नवरे आपापल्या बायकांकडं नव्या माणसाकडं बघावं तसे बघत होते.

पंगत बसली. आक्का वाढत होत्या. बुधवंत म्हणाला, "आक्का, बस की गे जेवायला."

"कचेरीचं माणूस कसं बसणार पंगतीत?" आक्का म्हणाल्या. मग थांबल्या. पट्टी काढून मांडवाच्या खांबाला अडकवली आणि त्या म्हातारीच्या शेजारी पानावर बसल्या. साहेबांनी ते पाहिलं. त्या क्षणी आक्का त्यांना गमतीच्या वाटायच्या बंद झाल्या असाव्यात.

जेवण झालं. अधिकाऱ्यानं विचारलं. खुर्चीतून आणलेली म्हातारी आधी बोलली, "न्हाई." मग बायांनी एकेकीनं, मग पुरुषांनी. बुधवंतानं मुलाकडं बघितलं आणि तोही नाही म्हणाला.

"अहो, आत्ता आमचं जेवलात ना तुम्ही!" साहेबांची शुद्ध मराठी पहिल्यांदा चिरकली.

"जेवान आमंत्रणाचं व्हतं," म्हातारी म्हणाली. "झऱ्याचं न्हाई."

मला विचाराल तर गोष्ट इथं संपायला हवी होती. पण ज्यांच्याकडं जीप असते ते इतक्यात गोष्टी संपवू देत नाहीत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आक्कांना काचेच्या दाराआड बोलावलं. संध्याकाळी त्यांनी ते मला आणि बायकोला आमच्या ओसरीवर बसून सांगितलं, पट्टी पर्समध्ये. साहेबांचं म्हणणं असं की सभाच धरायची नाही. आमंत्रण चुकून दिलं गेलं. घरटी एक द्यायचं होतं, मॅडमच्या चुकीनं चूलबंद गेलं, गर्दी झाली, चर्चा नीट झाली नाही. आक्कांनी वाडीवर जाऊन हे आपल्या तोंडानं सांगायचं. मग सभा पुन्हा, नीट, घरटी एक. सांगितलं तर नोकरी राहील. नाही सांगितलं तर नाही.

"मग?" माझी बायको म्हणाली.

"या वयात मला दुसरी कचेरी कोण देतंय वैनी? आई बहिणीकडं बेळगावला पडून आहे. औषधं माझ्यावर आहेत." त्यांनी पर्स मांडीवर ओढली. "आणि निरोप सांगणं हे माझं काम आहे. साहेबांनी सांगितलेला निरोप मी आजवर कधी गाळला नाही."

मला त्यांचाही राग आला, खरं सांगतो. वाटलं, ही बाई आता जाणार आणि सांगणार.

त्या गेल्या आणि त्यांनी सांगितलं. मी बॅनर सोडवायला त्याच जीपमधून गेलो होतो, म्हणून हे ऐकीव नाही. बुधवंताच्या अंगणात वाडी जमली. आक्कांनी गळ्यातली पट्टी सरळ केली. "हे कचेरीचं. साहेबांचा निरोप असा, की मी आमंत्रण चुकून दिलं. घरटी एक द्यायचं होतं. म्हणून ती सभा झालीच नाही. तुमचं 'नाही' धरलेलं नाही. सभा परत होईल. काय सांगितलं मी? परत सांगा."

"परत सांगा," आक्का पुन्हा म्हणाल्या. शेवटी बुधवंत खाली बघून म्हणाला, "आमंत्रण चुकून दिलं. सभा झाली न्हाई." बाया आक्कांकडं बघत होत्या. त्या बघण्यासमोर मला उभं राहवेना. जीपचा ड्रायव्हर दाराशी टेकून खुशीत विडी ओढत होता.

मग आक्कांनी पट्टी काढली. ती पर्समध्ये नाही ठेवली. तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली, ओळखपत्र वर करून, सगळ्यांना दिसेल असं.

"आता हे माझं," त्या म्हणाल्या. "आमंत्रण चुकलेलं नव्हतं. साहेबांनी सगळ्यांना बोलवा म्हणून मला दोनदा सांगितलं. हे फ्लेक्सवाले अण्णा ऐकायला होते. तुम्हाला बोलावलं होतं, तुम्ही आलात, सभा झाली, आणि तुम्ही नाही म्हणालात. काय सांगितलं मी?"

म्हातारी खुर्चीतूनच म्हणाली, "सभा झाली. आमी न्हाई म्हनलो."

"सगळ्यांनी."

"सभा झाली. आमी न्हाई म्हनलो." पोरांनी तर पाढे म्हणावेत तसं ओरडून सांगितलं. ड्रायव्हरनं विडी टाकली आणि फोनला रेंज मिळवायला वाडीमागच्या खडकाकडं धावला. आम्ही रामनगरला पोचलो तेव्हा काचेचं दार आक्कांसाठी बंद झालेलं होतं. ओळखपत्र तेवढं शिपायानं मागून घेतलं.

यानंतर रामनगर जे वागलं त्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जाऊही नये. रस्त्याकडेचे तुकडे घेऊन बसलेले, हॉटेलं काढायचा बेत केलेले, पुलावर येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघणारे, सगळ्यांना एकदम मिठाची आठवण झाली. वाण्यानं आक्कांना उभ्याउभ्या परतवलं. घरमालकानं खोल्या रंगवायच्या आहेत म्हणून रिकाम्या करायला सांगितल्या. त्या खोल्यांना आजतागायत रंग लागलेला नाही, मी रोज बघतो. रोज "काय वो आक्का" करणारी माणसं त्यांना बघून रस्त्यापलीकडं जायला लागली. अहो, मीठ कुणाचं खाल्लं होतं त्यांनी? स्वतःच्या कष्टाचं खाल्लं! आणि पंगतीतला भात म्हणाल तर तो वाडीच्या बायांनी रांधला होता. रामनगरच्या निम्म्या घरांचं मूळ असल्याच कुठल्यातरी धरणात बुडालेल्या नाहीतर उठवलेल्या वाडीत आहे. ती माणसं दुसरी वाडी उठायची वाट बघत हॉटेलं बांधायला निघाली होती, आणि बेइमान कोण, तर आक्का.

त्या गेल्या तेव्हा बसस्टँडवर मी आणि बायको, दोघंच होतो. बायकोनं कैरीच्या लोणच्याची बरणी दिली, आक्कांनी सांगितलेल्या कृतीची. "माझ्यापेक्षा तुमचंच बरं झालंय," ती म्हणाली आणि रडली. बेळगावची बस नाक्यावरून वळली. नाक्यावर मी छापलेली सगळी तोंडं हसत होती.

मग सभा परत लागली. नवा जनसंपर्क अधिकारी हुबळीहून आला, पट्टी नवीकोरी. त्यानं निमंत्रण फोनवर पाठवलं. वाडीत त्या खडकावर चढल्याशिवाय फोन लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं विचारलंही नव्हतं. बॅनर माझ्याकडूनच छापून घेतला. यावेळी 'सहकुटुंब' नव्हतं. मी बांधायला गेलो, मुद्दाम गेलो.

वाडी आली. निमंत्रण पोचलं नसलं तरी सभेची कुणकुण लागली होती; घरटी एक नाही, सगळी आली. म्हातारीची खुर्चीसुद्धा आली. घरून जेवून आले होते सगळे, आणि रांगा धरून, मांडी घालून बसले. साहेबांनी बोलायला सुरुवात केली तसा बुधवंत उठला.

"साहेब, थांबा. आमाला कुणी सांगितलं न्हाई. म्हणून आमी आलो न्हाई."

"आला नाहीत? मग हे समोर कोण बसलंय?"

"बसलाव," बुधवंत शांतपणे म्हणाला. "आलो न्हाई. आमाला सांगनारी आक्का. ती दारात येऊन सांगंल, परत सांगा म्हनंल, आमी परत सांगू, तवा आमी आलो. मागं तिनं सांगितलं तवा आलतो. तवा काय म्हनलो ते तुमाला ठावं हाय."

साहेबांनी अधिकाऱ्याकडं बघितलं. अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. वाडी संध्याकाळपर्यंत तशीच बसून राहिली आणि मग न आलेली माणसं उठून घरी गेली.

काम आता थांबलंय. संपलेलं नाही; काचेचं दार अजून उघडं आहे आणि साहेब अजून गोड बोलतात. मी सोडवून तिथंच ठेवून आलेला तो पहिला बॅनर वाडीत गवताच्या गंजीवर झाकण म्हणून घातलाय. 'आपण सर्वांनी सहकुटुंब' एवढं वाटेवरून वाचता येतं.

त्या सभेच्या संध्याकाळीच मी आक्कांना फोन लावला. बेळगावात एका कपड्यांच्या मोठ्या दुकानात त्यांना काम मिळालंय. दिवसभर माइकवर सांगायचं, साड्यांवर सूट, एकावर एक मोफत, लहान मुलांचे कपडे वरच्या मजल्यावर. ज्या आवाजानं गावंच्या गावं पाणी उकळायला शिकली, तो आवाज आता हे सांगतो, आणि गिऱ्हाइकं मानही वर करत नाहीत. फोनमधून मागचं गाणं ऐकू येत होतं. माझं डोकं तापलं.

"तिथंही पट्टी आहे काय?" मी विचारलं.

"आहे की. लाल. पण इथं 'तुमचं काय' म्हणून विचारणारं कुणी नाही, त्यामुळं काढायचं काम पडत नाही."

मग मी त्यांना सभेचं सांगितलं. वाडी आली, बसली, आणि बुधवंत म्हणाला, आमाला सांगनारी आक्का, ती आली न्हाई म्हणून आमी आलो न्हाई.

पलीकडं गाण्याचा आवाज जरा दूर गेला, त्या आडोशाला आल्या असाव्यात.

"अण्णा," आक्का म्हणाल्या, "काय म्हणाला तो? परत सांगा बघू."

मी परत सांगितलं. मागून कुणीतरी त्यांना माइकवर बोलावत होतं.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

त्यांना पहिल्या वेळेलाच नीट ऐकू गेलं होतं. मी परत सांगितलं.